घरगुती नैसर्गिक साबणाचा व्यवसाय: कोल्हापुरात परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

अंगाला लावायचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधन ठरतो. तो मोठ्या कारखान्यातून निघालेला असो, नाहीतर कुणी घरी खोबरेल आणि गूळ घालून केलेला असो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० हे दोन्ही त्याला लागू होतात. म्हणून असा साबण विकण्यासाठी बनवायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, उत्पादन परवाना लागतो. "आम्ही थोडाच करतो", "बचत गटाचा आहे", "ओळखीतल्यांनाच विकतो" असं म्हणून यातून सुटका होत नाही. घरच्यांसाठी केला, भाऊबीजेला वहिनीला चार वड्या दिल्या, तर त्याला कुणी विचारत नाही. पैसे घेऊन विकायला लागलात की नियम लागू झाले.

तयार ग्लिसरीन बेस आणून, वितळवून, रंग-सुगंध घालून साच्यात ओतला तरी तेही उत्पादनच. कायद्यातल्या व्याख्येत बनवणं, बदल करणं, पॅक करणं आणि लेबल लावणंसुद्धा उत्पादनात येतं. "आम्ही कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा) वापरतच नाही, मग परवाना कशाला?" असं शिबिरांत नेहमी विचारलं जातं. परवाना त्यांनाही लागतो. धुण्याचा आणि भांड्यांचा साबण मात्र सौंदर्यप्रसाधनात मोडत नाही, त्याला हा परवाना नको.

आधी जागा, मग बाकीचं

बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी सिलिकॉनचे मोल्ड, मग तेलं, मग नाव आणि लोगो, मग उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योगाची नोंद), आणि शेवटी कुणीतरी विचारलं की परवान्याची चौकशी. तोवर पैसे गुंतलेले असतात आणि तिथं कळतं की जागाच चालत नाही. हा परवाना व्यक्तीला नुसत्या तिच्या नावावर मिळत नाही, ठरावीक पत्त्यावरच्या ठरावीक जागेसाठी मिळतो. आणि ती जागा राहत्या घराचा भाग असून किंवा घराला आतून जोडलेली असून चालत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर परवाना मिळणार नाही, हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं करा.

चालणारी जागा कशी असते? स्वच्छ, हवेशीर, भिंती माणसाच्या उंचीइतक्या तरी गुळगुळीत आणि धुता येण्याजोग्या. फरशी सपाट, पाणी न मुरणारी. कच्चा माल, उत्पादन आणि तयार माल यांना वेगळे कोपरे. हात धुण्याची सोय, सांडपाण्याची सोय, काम करणाऱ्यांना स्वच्छ कपडे, टोपी, हातमोजे. नियमांतली यंत्रांची शिफारस मशीनचा साबण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. त्यात गिरणी, प्लॉडर (साबण दाबून कांडीच्या रूपात बाहेर काढणारं यंत्र), कटर, ठसा मारायचं यंत्र अशी नावं येतात आणि लघु प्रमाणासाठी १०० चौरस मीटर जागा सुचवलेली आहे. ते वाचून घाबरू नका. कामाचं प्रमाण आणि पद्धत पाहून यंत्रं आणि जागा कमी-जास्त ठरवण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे. कोल्ड प्रोसेसला, म्हणजे तेल आणि कॉस्टिक न शिजवता साबण करण्याच्या पद्धतीला, प्लॉडर लागतच नाही, हे प्रक्रियेच्या वर्णनात स्पष्ट लिहा आणि भाडेकरार करण्याआधी जागेचा कच्चा नकाशा घेऊन एफडीएच्या कोल्हापूर कार्यालयात जाऊन बोला. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतली सगळ्यात उपयोगाची फेरी हीच.

कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं पर्याय असे. शहरात राहायचं असेल तर शिवाजी उद्यमनगरातला छोटा गाळा. गाडी असेल आणि पुढे वाढायचं मनात असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत भाड्यानं शेड. गावाकडे स्वतःची जागा असेल तर घरापासून वेगळी, स्वतंत्र दाराची खोली बांधून घेणं परवडतं, पण ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि जागेच्या वापराचा प्रश्न आधी सोडवून घ्या. गावचा पत्ता असला तर पुढे अनुदानातही फरक पडतो, ते खाली येईल.

जागा जमतच नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली लोन लायसन्सची: परवाना असलेल्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये, त्याच्या सोयी वापरून तुम्ही तुमचा साबण बनवायचा. अर्ज वेगळा असतो, फॉर्म सीओएस-६. दुसरी वाट म्हणजे परवानाधारक उत्पादकाकडून तुमच्या नावानं माल बनवून आणि पॅक करून घ्यायचा आणि तुम्ही फक्त विकायचा. लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं नाव, विक्रेता म्हणून तुमचं. हातानं बनवण्यातला आनंद इथं हातातून जातो हे खरं, पण बाजार चालतो का हे कमी पैशांत कळतं.

पात्रता: बारावी सायन्स असलं तरी पुरतं

मालकाला शिक्षणाची अट नाही. अट आहे ती ज्याच्या देखरेखीखाली उत्पादन होणार त्या तांत्रिक व्यक्तीला. तिच्याकडे फार्मसीची पदविका असावी, किंवा फार्मासिस्ट म्हणून नोंदणी असावी, किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असावी. बारावी सायन्स झालेली सून, मुलगी किंवा तुम्ही स्वतः या जागी बसू शकता. किती तरी जणी "आम्ही काही फार्मसी केलेली नाही" म्हणून पहिल्याच पायरीवर थांबतात, आणि मार्कशीट कपाटात पडून असते. घरात कुणीच सायन्सवाला नसेल तर तशी व्यक्ती नेमा. तिचं नियुक्तिपत्र, संमतिपत्र आणि शैक्षणिक प्रमाणपत्रं अर्जासोबत जोडावी लागतात.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन, फॉर्म सीओएस-५ मध्ये. सोबत फॉर्म सीओएस-७, म्हणजे उत्तम उत्पादन पद्धती पाळतो असं स्वतःचं घोषणापत्र. परवाना मिळतो तो फॉर्म सीओएस-८ मध्ये. एकदा मिळाला की तो संपत नाही, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याची फी मुदतीत भरावी लागते. फी उत्पादनांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे पहिल्याच अर्जात पंधरा सुगंध भरू नका. हमखास खपणारे चार-पाच घ्या, बाकीचे पुढे वाढवता येतात.

कागदांची फाईल अशी लावा: मालकाचं आधार आणि पॅन, भागीदारी असेल तर भागीदारी पत्र, बचत गट असेल तर गटाची नोंदणी आणि ठराव. जागेचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, घरफाळ्याची पावती, भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार. मापांसह नकाशा. यंत्रं आणि भांड्यांची यादी, त्यात वजनकाटा, थर्मामीटर, हँड ब्लेंडर, साचे, कटर, वड्या वाळवायची मांडणी सगळं लिहा. तांत्रिक व्यक्तीचे कागद. चाचणीची सोय स्वतःकडे नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी केलेला करार. लेबलचे नमुने. आणि प्रत्येक साबणाचं सूत्र, टक्केवारीसह.

या सूत्रापाशी जरा थांबू, कारण अर्ज परत येण्याचं मोठं कारण तेच असतं. "अंदाजे", "चवीपुरतं" असं इथं चालत नाही. खोबरेल तेलाच्या एक किलोला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, एरंडेलाला १२८ च्या आसपास. तेलांचं मिश्रण ठरवलं की कॉस्टिकचं वजन गणितानं येतं. त्यातून पाच टक्के कॉस्टिक कमी धरलं तर थोडं तेल साबणात तसंच राहतं आणि वडी त्वचेला मऊ लागते. कोल्हापुरी गूळ घालणार असाल तर तोही ग्रॅममध्ये लिहा. साखर आणि गुळानं फेस वाढतो, पण मिश्रण झपाट्यानं तापतं, म्हणून प्रमाण कमी आणि दर वेळी तेच हवं. हळद, मुलतानी माती, कडुनिंबाची पूड यांचंही तसंच. रंग भारतीय मानक आयएस ४७०७ च्या यादीतलेच चालतात. रांगोळीचा किंवा कुंकवाचा रंग साबणात घालणं धोक्याचं आहे, त्यात शिसं असू शकतं.

अंघोळीच्या साबणाचं मानक आयएस २८८८. त्यात एकूण स्निग्ध पदार्थांवरून तीन प्रती ठरतात: पहिलीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. कोल्ड प्रोसेसची ताजी वडी पाणी धरून असते. चार ते सहा आठवडे वाळल्यावर तिचं पाणी उडतं आणि टक्केवारी वर येते. प्रयोगशाळेला नमुना द्याल तो पुरता वाळलेल्या वडीचा द्या.

पुढे औषध निरीक्षक जागा पाहायला येतात. जागा नकाशाप्रमाणे आहे का, काटा प्रमाणित आहे का, कॉस्टिकचा डबा झाकणबंद आणि नाव लिहिलेला आहे का, नोंदवही आहे का, हे पाहिलं जातं. चष्मा आणि हातमोजे समोर असू द्या. कॉस्टिक पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, हे मदतीला येणाऱ्या प्रत्येकीला पाठ असलं पाहिजे. प्रत्येक घाण्याची नोंद ठेवा: तारीख, तेलांची वजनं, कॉस्टिकचं वजन, कच्चा माल कुठल्या खरेदीतला, किती वड्या निघाल्या. या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या.

लेबल

लेबलवर हवं ते असं: साबणाचं नाव, उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरावा, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, दर ग्रॅमची किंमत, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल, आणि वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक. ९० ग्रॅमची वडी १३५ रुपयांना असेल तर दर ग्रॅम १ रुपया ५० पैसे असंही छापायचं.

वजनाचा मुद्दा हातच्या साबणाला विशेष लागू. कापताना ११० ग्रॅम भरलेली वडी दोन महिन्यांनी ९५ वर येते. त्यामुळे वजन वाळल्यावर, पॅक करताना घ्यायचं. साबणाला "पॅक करतेवेळी निव्वळ वजन" असं लिहिण्याची मुभा आहे, ती घ्या. पॅकबंद माल विकणाऱ्यानं वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या खात्याकडे, पॅकबंद वस्तूंच्या नियमांतल्या नियम २७ खाली नोंदणी करायची असते. काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये. वजनकाट्यावर दर वर्षी त्याच विभागाचा शिक्का लागतो.

लेबलवर काय नको, हे त्याहून महत्त्वाचं. "खाज, नायटा, इसब बरा करतो", "मुरूम घालवतो" असं लिहिलंत की साबण औषधाच्या हद्दीत जातो. मग आयुर्वेदिक औषधाचा वेगळा परवाना, वेगळी जागा, वेगळी पात्रता. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि स्टॉलच्या फलकावर केलेले दावेही त्यातच धरले जाऊ शकतात. "हळद आणि खोबरेलयुक्त साबण" एवढं खरं लिहा, गिऱ्हाईक समजून घेतं.

बाकीच्या नोंदण्या

उद्यम नोंदणी मोफत आहे. आधार, पॅन लागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत. व्यवसायाचा कोड २०२३१, सर्व प्रकारच्या साबणांचं उत्पादन. बाहेर कुणी यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि हे प्रमाणपत्र म्हणजे साबण बनवायचा परवाना नव्हे. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते. बॉयलर आणि वाफ न वापरता हातानं साबण करत असाल तर तसंच लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयात वर्गवारी आणि संमतीबद्दल विचारा.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल तर वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण बेळगाव किंवा निपाणीच्या दुकानदाराला माल दिलात की तो राज्याबाहेरचा व्यवहार, तिथं पहिल्या बिलापासून नोंदणी लागते. कोल्हापूरला सीमा इतकी जवळ आहे की हे विसरायला होतं. साबणाच्या वडीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे.

पैसा कुठून

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर अनुदान आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना शहरात २५, ग्रामीण भागात ३५. स्वतःचे १० टक्के घालायचे, विशेष प्रवर्गाला ५. प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तरच आठवी पासची अट. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, योजना त्या वेळी खुली आहे का ते पाहा आणि एकाच योजनेत अर्ज करा. आधीच सुरू असलेल्या युनिटला यात अनुदान मिळत नाही, म्हणून कर्ज घ्यायचं असेल तर उत्पादन सुरू करण्याआधी अर्ज करायचा. छोट्या भांडवलाला बँकेचं मुद्रा कर्ज पुरतं, शिशू गटात ५० हजारांपर्यंत. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल खूप जणी विचारतात, पण तिच्या १८ व्यवसायांत साबण नाही.

नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्क वर्ग ३ मध्ये, साबण आणि सौंदर्यप्रसाधनं त्यात येतात. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन फी ४,५०० रुपये. लेबल छापण्याआधी ते नाव दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही ना, हे ट्रेडमार्कच्या पोर्टलवर फुकट शोधता येतं.

परवाना मिळाल्यावर गाळा बदलायची वेळ आली तर जुना परवाना नव्या पत्त्यावर चालत नाही. नव्या जागेचा नकाशा आणि कागद लावून पुन्हा अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत तिथं घाणा लावायचा नाही. भाडेकरार करताना मुदत म्हणूनच लांबची मागा, अकरा महिन्यांवर भागवू नका.