पांढरपेशे गुन्हे : निकालाआधीची वर्षं

१९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांची हकिगत सर्वोच्च न्यायालयासमोर आली. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा लागली असती, तिच्याहून जास्त वर्षं काहीजण खटल्याविनाच आत होते. जामिनाला पैसे नव्हते, जामीन राहायला कुणी नव्हतं. श्रीमंत गुन्हेगारांच्या शिक्षेचा विषय निघाला की मला आधी हे कैदी आठवतात.

कारण कागदावरचा कायदा श्रीमंतांना सौम्य नव्हताच. दंड संहितेत साध्या चोरीला ३ वर्षं, तर बँकरने केलेल्या अपहाराला कलम ४०९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. खून रागाच्या भरात होऊ शकतो, आर्थिक गुन्हा मात्र थंड डोक्याने, हिशेब करून होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच बजावलं होतं.

फरक पडतो तो वेळेत. १९९२ चा रोखे घोटाळा बघा. सरकारी रोखे विकणारी बँक प्रत्यक्ष रोख्यांऐवजी एक पावती द्यायची, बँक रिसीट, बाजाराच्या भाषेत ‘बीआर’: पैसे मिळाले, रोखे नंतर देतो. एवढ्या कागदावर कोट्यवधी रुपये हलायचे. बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेकडून मागे एकही रोखा नसलेल्या बीआर निघाल्या, आणि त्यांच्यावर उचललेला पैसा हर्षद मेहतासारख्या दलालांमार्फत शेअर बाजारात गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा काढला ४ हजार कोटींच्या वर. कराडची ती बँक बुडाली.

त्याच वर्षी मुंबईत खास या खटल्यांसाठी विशेष न्यायालय बसलं. तरी मारुती उद्योगच्या पैशांच्या प्रकरणात मेहताला शिक्षा झाली १९९९ मध्ये. तो डिसेंबर २००१ मध्ये दुसऱ्या प्रकरणात कोठडीत असताना वारला. मारुती प्रकरणातली अपिलं सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाली २००३ मध्ये. अकरा वर्षं! चांगला वकील निर्दोष सोडवीलच असं नाही, पण तारखा मिळवून देतो, आणि तेवढं पुष्कळदा पुरतं.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा प्रमुख रामलिंग राजू याने तर ७ जानेवारी २००९ रोजी स्वतःच पत्र लिहून खोट्या हिशेबांची कबुली दिली होती. निकाल लागला एप्रिल २०१५ मध्ये: ७ वर्षं कैद, ५ कोटी दंड. तोही आधी कच्चा कैदी म्हणून अडीच वर्षांच्या आसपास आत होता, हे सांगायलाच हवं. पण निकालानंतर साधारण महिन्याने वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्याला जामीन दिला. जातमुचलका, म्हणजे स्वतःच लिहून दिलेली हमी, होता १ लाख रुपयांचा.

कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याचं कलम ४३६-अ फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं ते २००५ च्या दुरुस्तीने, हुसैनारा खातूनच्या निकालानंतर २६ वर्षांनी.