आधी बस, मग ट्रॅक

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्याला ट्रॅक समजायला वेळ लागत नाही. गायकाचा आवाज एका पट्टीवर, गिटार दुसऱ्या पट्टीवर, ड्रमच्या खाली आणखी सात-आठ. गाडी अडते ती बसपाशी. ऑक्स, ग्रुप, फोल्डर, व्हीसीए, समिंग स्टॅक अशी ढीगभर नावं समोर येतात आणि सगळी 'आवाज एकत्र करणं' याच कामाबद्दल बोलत असतात. हा गोंधळ प्रोग्रामरांनी घातलेला नाही. वेगवेगळ्या काळात स्टुडिओत वेगवेगळ्या गोष्टींची टंचाई होती, आणि प्रत्येक टंचाईवरचा तोडगा आपलं नाव मागे ठेवून गेला. शिवाय आज आपण आधी ट्रॅक आणि त्यापुढे बस असा विचार करतो. मूळचा क्रम याच्या बरोबर उलट होता.

बस हा शब्द रस्त्यावरच्या बसचा सख्खा भाऊ. लॅटिनमधल्या 'ओम्निबस'चा अर्थ 'सर्वांसाठी'. त्यातून गाडीचं नाव आलं, आणि वीजकेंद्रात अनेक सर्किटं ज्या एका जाड पट्टीला जोडलेली असतात त्या बसबारचंही. मिक्सिंग कन्सोलमधली (आवाज मिसळायच्या टेबलातली) बस म्हणजे या पट्टीची धाकटी आवृत्ती: एक सामाईक तार. प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे एकेका आवाजाच्या वाटेचा, सिग्नल एकेका रेझिस्टरमधून या तारेवर येतो, तिथे सगळ्यांची बेरीज होते, आणि बेरजेच्या धांदलीत क्षीण झालेला सिग्नल पुढचा ॲम्प्लिफायर पुन्हा वर आणतो. सॉफ्टवेअरमध्ये या जागी आकड्यांची साधी बेरीज आहे.

ट्रॅकचा जन्म टेपवरचा. जर्मनीत एईजी कंपनीने 1935 साली मॅग्नेटोफोन लोकांसमोर आणला, युद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत पोचलं आणि 1948 मध्ये ॲम्पेक्सचं मॉडेल 200 बाजारात आलं. टेपच्या रुंदीत एकमेकांना समांतर पट्टे आखून प्रत्येकावर वेगळा आवाज ठेवता येतो हे लवकरच ध्यानात आलं. खरी अडचण वेळेची होती. रेकॉर्ड करणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. त्यामुळे आधीचा ट्रॅक ऐकत नवा वाजवला, की टेपवर दोघांची गाठ चुकायची. ॲम्पेक्सने 'सेल-सिंक' पद्धतीत यावर उपाय काढला: जुना ट्रॅक ऐकवण्याचं काम रेकॉर्ड हेडकडेच दिलं. एक इंच टेपवर आठ ट्रॅक घेणारं असं यंत्र 1957 साली गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे पोचलं. आज ट्रॅकला रेकॉर्डसाठी सज्ज करणारं 'आर्म' बटण दाबून आधीच्या वादनावर नवं वादन चढवताना आपण तेच करतो.

आठ ट्रॅक मात्र अपवाद होते. साठच्या दशकाच्या मध्यावर मोठमोठे स्टुडिओही चारच ट्रॅकवर काम करत. ड्रमला चार माइक, बास, दोन गिटार, पियानो, गायक असे दहा-बारा माइक लावायचे आणि टेपवर जागा चार. म्हणजे माइक आणि टेप यांच्या मध्येच कोणीतरी बेरीज करायला हवी. ते काम बसचं. चार माइकचे ड्रम एका बसवर, ती बस टेपच्या पहिल्या ट्रॅकवर. बास आणि पियानो दुसऱ्या बसवर, ती दुसऱ्या ट्रॅकवर. म्हणून कन्सोलवर बसची संख्या ठरायची ती बहुधा टेपयंत्राच्या ट्रॅककडे बघून. स्नेअर (ड्रमच्या संचातला एक ड्रम) कमी पडला हे नंतर कळलं तरी हाती काही नाही. तो ड्रमच्या गाठोड्यात कायमचा बांधला गेलेला.

चार ट्रॅक भरले की 'बाउन्स'. चारही ट्रॅक मिक्स करून दुसऱ्या यंत्राच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वादन घ्यायचं. बीटल्सचा 1967 सालचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम चार ट्रॅकच्या स्टुडर यंत्रांवर असाच थरावर थर चढवत झाला. प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते आणि आवाजाची वरची धार थोडी बोथट होते, त्यामुळे कुठले आवाज आधी बांधायचे हा पुढच्या तीन पायऱ्यांचा अंदाज घेऊन करायचा निर्णय असे. त्या काळच्या इंजिनिअरांचं कौतुक माझ्या मते कानापेक्षा या हिशेबासाठी जास्त व्हायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये 'बाउन्स' हा शब्द अजून आहे, पण आता मूळ ट्रॅक जागच्या जागी राहतात. शब्दातली भीती गेली.

1967 मध्येच ॲम्पेक्सने दोन इंच टेपवर सोळा ट्रॅक आणले, पुढच्या दशकात चोवीस रुळले. आता ड्रमचा प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर ठेवणं परवडू लागलं आणि बेरीज पुढे ढकलता आली. मग बसचं स्थान हललं. टेपच्या अलीकडे असलेली बस पलीकडे आली: मिक्स करताना ड्रमचे आठ ट्रॅक एका ग्रुप फेडरखाली (फेडर म्हणजे पातळी वरखाली करणारी सरकपट्टी) आणायचे, त्यावर आवाजातले चढउतार आवरणारा एकच कॉम्प्रेसर लावायचा, आणि एका बोटाने सगळे ड्रम वरखाली करायचे. आजची 'ड्रम बस' ही या स्थलांतरानंतरची. जुना क्रम मात्र पुसला गेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या इनपुटच्या यादीत बसही दिसते ते याच कारणाने. बस निवडा, रेकॉर्ड दाबा, आणि सगळी बेरीज नव्या ट्रॅकवर उतरते.

ऑक्सची (ऑक्झिलरी, म्हणजे पूरक बसची) गोष्ट वेगळ्या टंचाईची. घुमारा, म्हणजेच रिव्हर्ब, हवा तर तो खऱ्या खोलीतून आणावा लागे. शिकागोचे इंजिनिअर बिल पुटनम यांनी 1947 साली चक्क बाथरूमचा त्यासाठी उपयोग केला. कन्सोलवरून अशा जागेकडे सिग्नल पाठवून परत आणण्याची पद्धत रुळवण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. पुढे 1957 साली घुमारा देणारी ईएमटी 140 ही पोलादी पत्र्याची प्लेट आली. ती खोलीपेक्षा आटोपशीर, तरी वजन सुमारे 270 किलो. अशा प्लेटा गायकाला एक आणि गिटारला एक अशा कोण ठेवणार? म्हणून प्रत्येक चॅनेलवर 'सेंड'चं बटण: ज्याला जितका घुमारा हवा तितका वाटा त्याने ऑक्स बसवर टाकायचा, प्लेट एकच. हाच सेंड फेडरच्या आधी काढला की वादकाला हेडफोनमध्ये त्याचं स्वतःचं मिक्स देता येतं. इंजिनिअरने आपल्या फेडरशी काहीही खेळ केला तरी वादकाच्या कानात फरक पडत नाही. प्री-फेडर आणि पोस्ट-फेडर या दोन पर्यायांमागे इतकंच आहे.

व्हीसीए (व्होल्टेज कंट्रोल्ड ॲम्प्लिफायर) सत्तरच्या दशकात ऑटोमेशनच्या, म्हणजे फेडरच्या हालचाली यंत्राने लक्षात ठेवून पुन्हा करण्याच्या, सोबतीने पसरलं आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. त्यातून आवाज जातच नाही. व्हीसीए फेडर फक्त एक नियंत्रक व्होल्टेज पाठवतो, आणि ते मिळाल्यावर प्रत्येक चॅनेल आपापला आवाज कमीजास्त करतो. ग्रुप आणि व्हीसीए यांतला फरक कळायला रिव्हर्ब पुरे. गायकवृंदाच्या आठ ट्रॅकवरून रिव्हर्बला पोस्ट-फेडर सेंड जातोय असं समजा. ग्रुपचा फेडर खाली ओढला तर कोरडा आवाज जातो, पण सेंड ग्रुपच्या आधीच निघालेले असल्याने घुमारा भुतासारखा मागे राहतो. व्हीसीए ओढला तर चॅनेलच खाली येतात आणि घुमाराही सोबत विरतो. कॉम्प्रेसर मात्र व्हीसीएवर लावता येत नाही. तिथे लावण्याजोगा सिग्नलच नसतो.

संगणकावर हे सगळं सावकाश आलं. डिजिडिझाइन कंपनीचं साउंड टूल्स 1989 मध्ये दोन ट्रॅकचं होतं, 1991 चं पहिलं प्रो टूल्स चार ट्रॅकचं. म्हणजे नवं तंत्र पुन्हा साठच्या दशकातल्या आकड्यावरून सुरू झालं. 1994 च्या प्रो टूल्सच्या टीडीएम प्रणालीने संगणकात बसवलेल्या कार्डांवरच्या डीएसपी (आवाजाचं गणित करणाऱ्या) चिपांमध्ये मिक्सर आणि प्लगइन (रिव्हर्ब, कॉम्प्रेसर यांसारखी जोड-सॉफ्टवेअरं) चालवले. तिथे चिपांच्या ताकदीची टंचाई होती, त्यामुळे एकच रिव्हर्ब सर्वांना वाटून देण्याची सवय टिकून राहिली. दोन वर्षांनी क्युबेस व्हीएसटी या सॉफ्टवेअरने संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरच स्टुडिओ उभा केला.

एक जुनी चिंता मात्र खरोखर मिटली. पूर्णांकी गणितात बेरीज मर्यादेबाहेर गेली की बसवरच आवाज फाटायचा. 32 बिट फ्लोटिंग पॉइंट या अपूर्णांकी गणितात बस शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या, वर गेली तरी आकडे शाबूत राहतात आणि मास्टर फेडर खाली ओढला की सगळं जागेवर येतं. ॲनालॉगची नक्कल करणारे प्लगइन मध्ये असतील तर ही सूट नाही. त्यांना पातळी जपूनच द्यावी लागते. नवी चिंता आली ती उशिराची. प्लगइनला विचार करायला वेळ लागतो, आणि समांतर बसवरचा आवाज मूळ आवाजापेक्षा काही नमुने (सेकंदाचे अगदी बारीक तुकडे) मागे पडला तर बेरजेत पोकळ, नाकातला आवाज येतो. म्हणून सॉफ्टवेअर आता प्रत्येक वाटेचा उशीर मोजून बाकीच्यांना थांबवून ठेवतं.

फोल्डर हे या कुळातलं शेंडेफळ, आणि त्याची टंचाई पडद्यावरच्या जागेची. काही फोल्डर ट्रॅक नुसते घडी घालून ठेवतात, काही आतून बसही असतात. लॉजिकने 2013 मध्ये फोल्डर स्टॅक आणि समिंग स्टॅक अशी नावं वेगळी ठेवली, प्रो टूल्सने 2020 मध्ये बेसिक आणि राउटिंग. रीपरने तर भेदच ठेवला नाही: तिथे कुठलाही ट्रॅक बस होऊ शकतो आणि एका ट्रॅकमध्ये अनेक चॅनेल वाहू शकतात. मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, नवशिक्याला मात्र ते रानात सोडल्यासारखं वाटू शकतं.

बाकी ठिकाणी यादी उघडली की दिसतं 'बस 1-2', 'बस 3-4'. जोड्यांनीच का? कन्सोलवर राउटिंगची बटणं जोडीने असत, आणि आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारी पॅनची चकती डावीकडे फिरवली की सिग्नल विषम बसवर, उजवीकडे फिरवली की सम बसवर जाई. एका बटणात दोन ट्रॅक सांभाळायची ती युक्ती होती.