चिठ्ठीत निघालेली केस

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची मेडिसीनची प्रॅक्टिकल. विद्यार्थी चिठ्ठ्या उचलतात. एकाच्या वाट्याला बोलकी आजी येते, सगळं ओळीने सांगणारी. पानथरी (प्लीहा) वाढलेली, हात ठेवताच जाणवते. शेजारच्याला अर्धांगवायूचा रुग्ण मिळतो. त्याची वाचा गेलेली आणि नातेवाईक नेमके जेवायला गेलेले. मग परीक्षक येतात, केस ऐकतात, प्रश्न विचारतात, मार्क देतात.

‘लाँग केस’ म्हणतात त्या या परीक्षेत मला दोन गोष्टी फार खटकतात. पहिली म्हणजे, विद्यार्थी रुग्णाला तपासत असताना परीक्षक बहुतेक वेळा तिथे नसतातच. त्याने दुखऱ्या पोटावर थंडगार हात दाबला की आधी चोळून ऊबदार केला, हे कुणी पाहिलेलं नसतं. दुसरी गोष्ट नशिबाची. एका केसमध्ये चमकलेला डॉक्टर पुढच्या केसमध्येही चमकेलच असं नाही, हे अमेरिकेत आर्थर एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७८ सालीच दाखवून दिलं. हृदयविकारातलं कौशल्य यकृताच्या आजारात आपोआप कामी येत नाही. म्हणजे एका केसवरून माणूस जोखणं हे एका चेंडूवरून फलंदाज निवडण्यासारखं आहे.

या दोन्ही अडचणींवर स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली तोडगा मांडला. वॉर्डात ओळीने स्टेशनं. एका ठिकाणी हिस्ट्री घ्यायची, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती काढायची, दुसरीकडे छाती तपासायची, तिसरीकडे रिपोर्ट वाचायचा. घंटा वाजली की पुढे सरकायचं. सगळ्यांना तीच कामं, आणि परीक्षक समोर बसून चेकलिस्टवर खुणा करणार. हीच ‘ऑस्की’ (OSCE) परीक्षा. रुग्णही सगळ्यांना सारखाच मिळावा, ही सोय त्याआधीच झाली होती. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली. प्रत्येक विद्यार्थ्याने तिला कसं तपासलं, हे नंतर ती स्वतः नोंदवायची.

चेकलिस्टलाही मर्यादा आहेत. कॅनडात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी डॉक्टरांना चेकलिस्टवर शिकाऊंपेक्षा कमी गुण पडले. मुरलेला डॉक्टर वीस प्रश्न विचारत बसत नाही; चार नेमके विचारतो आणि निदानाला पोचतो. चेकलिस्ट मात्र सोळा रकाने रिकामे दाखवते.

शिवाय परीक्षेत करून दाखवणं वेगळं आणि रात्री दोन वाजता भरलेल्या वॉर्डात तेच करणं वेगळं. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली हा फरक पिरॅमिडच्या रूपात मांडला. पायाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, मग ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष करतो’. या शिखरापर्यंत पोचण्यासाठी अमेरिकेत जॉन नॉर्सिनी यांनी नव्वदच्या दशकात ‘मिनी-सीईएक्स’ (mini-CEX) ही पद्धत आणली. खरा रुग्ण, पंधरा-वीस मिनिटांचं निरीक्षण आणि लगेच चार शब्द फीडबॅक. वर्षभरात असं अनेकदा, वेगवेगळ्या शिक्षकांसमोर. एखादे सर कडक, एखाद्या मॅडम मवाळ. नजरा जितक्या जास्त, तितका हा फरक आपोआप बुजतो.

आपल्याकडे २०१९च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा अभ्यासक्रम आला, आणि केलेल्या कामावर शिक्षकांची सही घ्यायची वही, म्हणजे लॉगबुक आलं. पण महिन्याच्या सह्या एका बैठकीत होत असतील, तर ती वही निव्वळ कागद आहे. सही करणाऱ्याने विद्यार्थ्याच्या मागे उभं राहून पाहिलेलं असलं पाहिजे, यावर मी अडून बसेन.

असंच एकदा मी एका इंटर्नच्या मागे उभा होतो. पायाला सूज आलेल्या बाईंना त्याने विचारलं, “चालताना दम लागतो का?” त्या म्हणाल्या, “नाही.” त्याने ‘दम नाही’ असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न काढला. मी विचारलं, “मावशी, पाण्याची कळशी घेऊन चढ चढता येतो?”

“कळशी कुठली उचलतेय आता? सूनच आणते. मी घरातच बसून असते.”

दम होताच. त्यांनी दम लागेल अशी कामंच सोडून दिली होती. लेखी पेपरात या मुलाने हृदयविकाराची लक्षणं बिनचूक लिहिली असती. बाहेर व्हरांड्यात मी त्याला एवढंच सांगितलं, की रुग्ण काय करतो ते विचारलंस, काय करायचं सोडलंय ते विचारलं नाहीस.

त्याच दुपारी तो सहा नंबरच्या खाटेपाशी दिसला. स्टूल ओढून, आजोबांच्या तोंडासमोर बसून विचारत होता, “बाबा, दिवाळीपर्यंत करत होता आणि आता होत नाही, असं कुठलं काम आहे?”