खंडिता आणि कलहांतरिता: मधे फक्त एक भांडण

चिडलेली, डोळ्यांत पाणी आणलेली नायिका रंगमंचावर दिसली की ती खंडिता, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एका नृत्याच्या कार्यक्रमात शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "नाही हो, ही कलहांतरिता. तो समोर आहे का, ते बघा की!" तो, म्हणजे तिचा प्रियकर, समोर नव्हता. नर्तकी एका रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि त्या जागेतून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय हे तिच्या नजरेवरून कळत होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. यांना आपण सर्रास 'नायिकांचे प्रकार' म्हणतो, पण शब्द आहे अवस्था. म्हणजे आठ वेगवेगळ्या बायका नव्हेत. एकच बाई संध्याकाळी सजून प्रियकराची वाट बघणारी वासकसज्जा असेल आणि पहाटे खंडिता. खाष्ट सासू, सोशिक सून ही जी ठोकळेबाज पात्रं आपण कथाकादंबऱ्यांत वाचतो, त्यांना ही मोकळीक नसते. ती पहिल्या पानावर जशी असतात तशीच शेवटच्या पानावर सापडतात.

आता या दोघी. खंडितेचा प्रियकर रात्रभर आलेला नाही. तो उगवतो सकाळी, आणि येताना पुरावे अंगावर घेऊनच येतो. जागरणाने लाल झालेले डोळे, ओठांना लागलेलं दुसरीच्या डोळ्यांतलं काजळ, छातीवर तिच्या पावलांचा अळता. खंडितेला काही शोधावं लागत नाही, ताडावंही लागत नाही. सगळं समोर उभं असतं, वर सारवासारवही करत असतं. ती कशी बोलते यावरून तिचे आणखी भेद पाडलेत: धीरा उपरोधाने बोलते, अधीरा तोंडावर कठोर शब्द फेकते, धीराधीरा बोलता बोलता रडते. (मला यातली धीरा सर्वांत धोकादायक वाटते.)

कलहांतरितेच्या बाबतीत हे सगळं होऊन गेलेलं असतं. तो आला, भांडण झालं, त्याने मनधरणी केली, तिने त्याला घालवून दिलं. आता तो गेलाय आणि ती एकटी आहे. तिच्या नावाचा अर्थ लावायला मराठी माणसाला संस्कृत कोश उघडायची गरज नाही. 'तिला माहेर अंतरलं' म्हणतो तेच हे अंतरणं. कलहामुळे जिला प्रियकर अंतरला, ती कलहांतरिता. 'खंडित' हा शब्द मात्र आपण वीजपुरवठ्यासाठी राखून ठेवलाय.

लघुचित्रांतही 'तो समोर आहे का' हीच खूण उपयोगी पडते. तो दाराशी किंवा अंगणात तिच्यासमोर उभा असेल आणि ती बोट रोखून बोलत असेल, तर खंडिता. तो पाठ फिरवून निघाला असेल आणि ती मान खाली घालून बसली असेल, तर कलहांतरिता. चित्राबरोबर ब्रजभाषेतला कवी केशवदास याच्या १५९१च्या 'रसिकप्रिया'तलं पद्य लिहिलेलं असेल तर थोडा घोळ होईल, कारण तो कलहांतरितेला अभिसंधिता म्हणतो.

इथवरचं पाठ करता येतं. मला जे खटकतं ते पुढे आहे. भरताच्या व्याख्येत कलहांतरितेचा प्रियकर ईर्ष्येच्या भांडणातून निघून गेलाय, परतत नाहीये, आणि ती 'अमर्षा'च्या ताब्यात आहे. अमर्ष म्हणजे राग, सहन न होणं. पश्चात्ताप हा शब्द तिथे नाही. दहाव्या शतकात धनंजय 'दशरूपका'त तिला अनुशयाची, म्हणजे पस्ताव्याची पीडा देतो. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तर ती गोडगोड बोलणाऱ्या प्राणनाथाला रागाने दूर लोटते आणि मग पश्चात्ताप पावते. खंडिताही बदलली. भरताकडे तिचा प्रियकर दुसरीकडे गुंतल्यामुळे येतच नाही. अंगावरच्या खुणा मिरवत येणारा तो विश्वनाथाच्या व्याख्येत भेटतो.

म्हणजे या दोन अवस्थांमध्ये अंतर काही तासांचं, पण तेवढ्यात अपराध एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. पहाटे दोषी तो असतो, आणि दुपारपर्यंत हळहळत असते ती. 'फार ताणू नये, तुटतं' हे तिला सांगायला सखी हजरच असते. नवऱ्याला घराबाहेर काढणारी आणि पुढच्या प्रकरणात 'मीच जरा जास्त बोलले' म्हणणारी नायिका आजच्या कथांमध्ये दिसते, तेव्हा मला तिचं मूळ नाव आठवतं.

जयदेवाने बाराव्या शतकात 'गीतगोविंदा'त या दोन्ही अवस्था लागोपाठ ठेवल्या आहेत, आणि फरक समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आठव्या सर्गात राधा खंडिता आहे. कृष्ण समोर आहे आणि ती त्याला 'जा' म्हणते, ही खोटी बोलणी नकोत म्हणते. नवव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात जयदेव तिला कलहांतरिता म्हणतो. सखी तिची समजूत घालते, माधवापाशी मान, म्हणजे रुसवा, धरू नकोस म्हणते. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे. दहाव्या सर्गात मात्र पाय धरायला राधा जात नाही, कृष्ण येतो, आणि तुझं पाऊल माझ्या मस्तकावर ठेव म्हणतो. पस्तावलेल्या बाईने जाऊन माफी मागायची, हा पुढचा टप्पा जयदेवाने लिहिलाच नाही.

शास्त्रकारांनी नायकाचेही प्रकार केलेत: एकनिष्ठ तो अनुकूल, अनेकींशी सारखाच गोड तो दक्षिण, लपूनछपून फसवणारा तो शठ आणि निर्लज्ज तो धृष्ट. खंडितेच्या दाराशी खुणांसकट उभा राहणारा तो धृष्ट. चुकल्यावर मागाहून एकटा बसून पस्तावणाऱ्या पुरुषासाठी या चारांत नाव नाही.