रेकॉर्डमध्ये न मावणारे ठोसे

बॉक्सरची अख्खी कारकीर्द दोन-तीन आकड्यांत बसवतात. रॉकी मार्सियानो ४९-०. फ्लॉइड मेवेदर ५०-०. मुहम्मद अली, ५६ जिंकल्या, ५ हरल्या, त्यातले ३७ नॉकआऊट. आपणही तेवढंच बघतो आणि कोण भारी यावर वाद घालत बसतो. पण त्या रेकॉर्डमध्ये एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे या माणसाने आयुष्यभरात डोक्यावर एकूण ठोसे किती खाल्ले. आणि शरीराच्या हिशोबाने बघायला गेलं तर बॉक्सर किती वर्षं टिकणार हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरतं, जो कोणी लिहूनच ठेवलेला नसतो.

आधी एक घरगुती प्रयोग करून बघा. दोन्ही मुठी गालाच्या हाडांशी धरायच्या, कोपरं बरगड्यांजवळ ठेवायची, मोबाईलवर तीन मिनिटांचा टायमर लावायचा आणि हवेत ठोसे मारत राहायचं, न थांबता. पहिलं मिनिट मजा येते. दीड मिनिटानंतर हात हळूहळू छातीपर्यंत उतरतात आणि आपल्याला ते कळतही नाही, आरशात बघितलं तरच दिसतं. मी दोन मिनिटं दहा सेकंदांवर नाद सोडला, समोर उलटा मारणारा कोणीही नसताना. पुरुषांच्या टायटल फाइटमध्ये, म्हणजे चॅम्पियनपदाच्या लढतीत, असे १२ राऊंड असतात, मध्ये एकेक मिनिट स्टूलवर. हे तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट आराम असं गणित १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलंय. सुरुवातीचे जोरकस ठोसे स्नायूंत साठवलेल्या तयार इंधनावर निघतात, पण ते काही सेकंदांत संपतं, पुढचं सगळं श्वासावर आणि हृदयावर, म्हणून तर बॉक्सर लोक पहाटे उठून इतकं पळतात. बाहेरून आपल्याला वाटतं हातांचा खेळ आहे.

आता ठोसा म्हणजे नक्की किती जोर? १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक भारी अभ्यास आला होता, त्यात ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोला सेन्सर बसवलेल्या टार्गेटवर मारायला लावलं होतं. मूठ टार्गेटवर पोचली तेव्हा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३२ किलोमीटर. हा आकडा ऐकून काही वाटत नाही, स्कूटर पण तेवढी जाते. पण टेकल्यावर १४ मिलिसेकंदांच्या आत जोर ४०९६ न्यूटनपर्यंत चढला, म्हणजे जवळजवळ ४०० किलो वजनाइतका. त्यांनीच तुलना दिली होती की पॅडिंग लावलेला ६ किलोचा लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटरने डोक्यावर बसावा तसं. आणि हा जोर दंडातून येत नाही बरं का, तो मागच्या पायाच्या चवड्यातून सुरू होतो, कमरेतून पिळला जातो, खांद्यात येतो, हात फक्त शेवटचं टोक. बॉक्सरचे पाय गेले की ठोसाही गेला असं म्हणतात ते यामुळे.

मला स्वतःला यापेक्षा भन्नाट वाटते ती वाचण्याची बाजू. डोळ्याने काहीतरी दिसलं आणि शरीराने हालचाल सुरू केली यात माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. जॅबला, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला, अर्धा मीटर कापायला त्याच्या निम्माच वेळ लागतो. म्हणजे ठोसा निघालेला बघून डोकं बाजूला घ्यायचं हे शक्यच नाही, गणितच बसत नाही. मग ते लोक चुकवतात कसे? तर ठोसा निघायच्या आधीच त्यांनी तो वाचलेला असतो. समोरच्याचा खांदा किंचित खाली गेला, वजन पुढच्या पायावर आलं, श्वास घेतला, कंबर फिरायला लागली, असल्या बारीकसारीक खुणा हजारो तासांच्या सरावातून मेंदूत बसतात आणि मेंदू आधीच सांगून मोकळा होतो की आता उजवा येतोय. फेंट, म्हणजे हुलकावणी, चालते ती याच कारणाने, खोटी खूण दाखवली की समोरचा खोट्या ठोशाला चुकवतो आणि खऱ्याच्या वाटेत येऊन उभा राहतो.

वय झालं की हे यंत्र कुरकुरायला लागतं, पण सगळं एकदम नाही. प्रतिक्रियेचा वेग विशीतच सगळ्यात चांगला असतो, तिथून हळूहळू घसरतो. पाय जड होतात. एखाद्या ठोशापुरता जोर मात्र सगळ्यात उशिरा जातो. याचं सगळ्यात फेमस उदाहरण जॉर्ज फोरमन, १९७७ ला रिटायर, १० वर्षांनी परत आला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला वयाच्या ४५ व्या वर्षी तेव्हाच्या हेवीवेट चॅम्पियन मायकेल मूररसमोर उभा राहिला तो १९७४ ला अलीविरुद्ध घातलेलीच लाल चड्डी घालून. नऊ राऊंड तो मागे होता, मूरर त्याला आरामात मारत होता, सगळ्यांना वाटलं म्हातारा उगाच आला. दहाव्या राऊंडला एक उजवा हात बरोबर हनुवटीवर बसला आणि मॅच संपली. अर्थात याच्या जोरावर ‘वय म्हणजे फक्त आकडा’ वगैरे पोस्ट टाकणाऱ्यांनी ते आधीचे नऊ राऊंडही बघावेत, तेवढे ठोसे खायची तयारी ठेवली म्हणून तो दहावा आला.

हनुवटीच का? कारण ती डोक्याच्या दांड्याचं टोक आहे. टोकाला मारलं की डोकं गर्रकन वळतं. पाण्याने भरलेली बादली झटक्यात फिरवली तर बादली आधी फिरते आणि पाणी मागाहून, तसंच कवटी आधी फिरते आणि आतला मऊ मेंदू मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. सरळ बसलेल्या धक्क्यापेक्षा ही पिळवट जास्त वाईट. आणि ग्लोव्ह्ज? ते मुळात हाताला वाचवतात, डोक्याला नाही. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलं तर मारणाऱ्याचीच हाडं मोडतात, म्हणून पूर्वीचे लोक डोक्यावर जपून मारायचे, ग्लोव्ह्ज आल्यावर ती भीतीच गेली. हेडगार्डचंही तसंच, जखमा आणि सूज कमी होते पण डोकं फिरायचं ते फिरतंच. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये तो काढला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष बिनाहेडगार्डचे खेळले.

डोक्याव्यतिरिक्त एक जागा सांगतो, लिव्हर. ते उजव्या बरगड्यांच्या खाली असतं म्हणून समोरच्याचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, तिथे बसतो. २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला नवव्या राऊंडला असंच पाडलं. त्यात माणूस बेशुद्ध होत नाही, डोकं पूर्ण ताळ्यावर असतं, पण ठोसा बसल्यावर एखादा क्षण काहीच होत नाही आणि मग मज्जासंस्थेतून असा काही झटका येतो की श्वास अडतो, पाय सोडून देतात. डे ला होया खाली पडून वैतागाने मुठीने जमीन बडवत होता. उठायचं होतं त्याला, शरीर ऐकत नव्हतं.

आता तो न लिहिलेला रकाना. ज्या फाइट टीव्हीवर दिसतात त्या वर्षाला दोन-चार. प्रत्येकीच्या आधी काही आठवड्यांचा कॅम्प, आणि त्यात आठवड्यातून दोन-तीनदा स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. तिथले ठोसे कुठल्याच रेकॉर्डला लागत नाहीत. प्रेक्षक भयंकर नॉकआऊटला घाबरतात, पण मेंदूच्या डॉक्टरांना जास्त काळजी असते ती अशा बारक्या ठोशांची, ज्यांनी चक्करही येत नाही आणि जे वर्षानुवर्षं साठत जातात. न्यू जर्सीतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच यावर पेपर लिहिला होता. दारू न पिताही झोकांड्या खाणाऱ्या, बोबडं बोलणाऱ्या जुन्या बॉक्सर्सना बॉक्सिंगवाले आपसात ‘पंच ड्रंक’ म्हणायचे, तोच शब्द त्यांनी पेपरला दिला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये २२४ रिटायर्ड प्रोफेशनल बॉक्सर्सची तपासणी झाली, त्यात साधारण १७ टक्क्यांत या नुकसानीच्या खुणा दिसल्या, आणि जितकी कारकीर्द लांब तितकं प्रमाण जास्त. आता याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, डोक्यावर वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) म्हणतात, मेंदूत टाऊ नावाचं प्रोटीन गुठळ्या करून साठतं, आणि वाईट गोष्ट ही की पक्कं निदान अजूनही मेल्यानंतर मेंदू कापूनच होतं. सगळ्यांना होत नाही हेही खरं. १९९७ च्या एका छोट्या अभ्यासात, ३० बॉक्सर होते फक्त, असं दिसलं की अल्झायमरशी जोडलेलं एपीओई-४ हे जनुक असलेल्या आणि खूप फाइट खेळलेल्या लोकांची अवस्था जास्त वाईट होती. म्हणजे दोघांनी सारखेच ठोसे खाल्ले तरी हिशोब सारखा येईलच असं नाही.

यात वजनाचं झंगट वेगळंच. लढती वजनगटांनुसार होतात आणि वजन आदल्या दिवशी करतात, त्यामुळे बॉक्सर शेवटच्या दिवसांत पाणी तोडून, घाम काढून कित्येक किलो उतरवतो, काट्यावर उभा राहतो आणि मग रात्रभर पाणी पितो. पाण्याअभावी मेंदूभोवतीची जागा बदलते, मेंदू आणि कवटीच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा जास्त ताणलेल्या राहतात आणि ठोशाने फाटायचा धोका वाढतो, असा डॉक्टरांचा तर्क आहे. अशी शीर फाटून आत रक्त साचणं हेच रिंगमधल्या मृत्यूंचं नेहमीचं कारण. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध १४ व्या राऊंडला कोरियाचा किम डुक-कू पडला, कोमात गेला, ऑपरेशन झालं, काही दिवसांत वारला. तेव्हा टायटल फाइट १५ राऊंडची असायची. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत डब्ल्यूबीसी, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संघटनेने ती १२ ची केली, बाकीच्या संघटनांना यायला आणखी काही वर्षं लागली.

आणि अली. तरुण अली ठोसे खायचाच नाही, त्याचा सगळा खेळ पायांवर आणि त्या आधीच वाचण्यावर. १९६७ ते १९७० लढायला बंदी होती, परत आला तेव्हा पाय पूर्वीचे नव्हते, मग त्याने दुसरी विद्या काढली, खाण्याची. १९७४ ला किन्शासात दोरांना टेकून फोरमनला मारू दिलं आणि दमवून आठव्या राऊंडला पाडलं. जग वेडं झालं. पण ही सवय त्याने जिममध्येही ठेवली, स्पारिंग पार्टनरला मुद्दाम मारायला सांगायचा, अंग कणखर होतं म्हणे. मेंदू असा कणखर होत नाही. १९७७ मध्ये अर्नी शेवर्सशी १५ राऊंड खेळून तो जिंकला आणि त्यानंतर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको टीम सोडून गेला, किडनीचे रिपोर्ट बिघडल्याचं त्याने लिहून कळवलं होतं, उत्तर आलं नाही. रेकॉर्डमध्ये ती फाइट ‘विजय’ म्हणून आहे.

खूप नंतर, २०१७ मध्ये, अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एक साधी आयडिया केली. अलीच्या जुन्या टीव्ही मुलाखती घेतल्या आणि तो सेकंदाला किती अक्षरं बोलतो ते वर्षावार मोजलं. १९६८ ते १९८१ मध्ये त्याचं बोलणं २६ टक्क्यांनी मंदावलं होतं. शेवर्सच्या फाइटच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं ताडून बघितलं तर फरक १६ टक्के. पार्किन्सनचं निदान झालं १९८४ ला, म्हणजे आवाज कित्येक वर्षं आधीपासून सांगत होता. पार्किन्सन बॉक्सिंगमुळेच झाला का यावर न्यूरॉलॉजिस्ट अजून भांडतात आणि एका माणसावरून ते ठरणारही नाही, पण आवाज मंदावला हे तर रेकॉर्डिंगच आहे, त्यात वाद कसला. या सगळ्यात १९८० मध्ये तो लॅरी होम्सशीही लढला, जो एकेकाळी त्याचाच स्पारिंग पार्टनर होता. दहा राऊंड मार खाल्ल्यावर त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने फाइट थांबवली, आणि तरी पुढच्या वर्षी अजून एक खेळलाच, बहामामध्ये, ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध.

जमलं तर दोन क्लिप लागोपाठ लावून बघा, एक साठच्या दशकातली आणि एक १९८१ ची. पहिल्यात मुलाखत घेणाऱ्याला तोंड उघडायला जागा मिळत नाही. दुसरीत मी आधी माझ्या फोनचा स्पीड सेटिंग तपासला. त्या क्लिपमध्ये अली ३९ वर्षांचा आहे.