विकास इंजिनाच्या पोटातलं पाणी

17 जानेवारी 2025 ला तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या चाचणीतळावर इस्रोने रॉकेटचं विकास इंजिन 60 सेकंद चालवलं, बंद केलं, 120 सेकंद थांबून पुन्हा 7 सेकंद चालवलं. बातमी आली तशी गेली. ती वाचून माझ्या एका मित्राने फोन केला, "सिग्नलला स्कूटर बंद करून परत चालू आम्ही रोज करतो. यात कौतुक कसलं?"

प्रश्न अगदीच खुळा नाही. रॉकेट म्हणजे मोठा फटाका, पेटवला की गेला, अशीच आपल्या बहुतेकांची समजूत असते. घन इंधनाच्या रॉकेटबद्दल ती बरीचशी खरीही आहे. चांद्रयान-3 उठताना आपण टीव्हीवर जी आग पाहिली ती बाजूच्या दोन घन बूस्टरांची होती. मधली दोन विकास इंजिनं तेव्हा गप्प होती. ती पावणेदोन मिनिटांनी, रॉकेट आकाशात असताना पेटली. पण द्रव इंधनाचं इंजिन म्हणजे फटाका नव्हे. ते यंत्र आहे, आणि त्या यंत्रातला माझा लाडका भाग आग नाही, पंप आहे.

आधी इंजिनाची जन्मकथा, थोडक्यात. 1974 मध्ये इस्रो आणि फ्रान्सची एसईपी ही कंपनी यांच्यात करार झाला. फ्रेंच मंडळी तेव्हा आरियान रॉकेटसाठी वायकिंग नावाचं इंजिन घडवत होती. आपल्याकडे द्यायला पैसे नव्हते, माणसं होती. आपल्या अभियंत्यांनी तिकडे जाऊन एकूण 100 मनुष्य-वर्षं काम करायचं, शिवाय दाब मोजणारे हजारो ट्रान्सड्यूसर पुरवायचे आणि बदल्यात इंजिनाचं तंत्र घ्यायचं, असा हा सौदा. त्या चमूचे म्होरके नंबी नारायणन. पुढे 1994 मध्ये त्यांच्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. भारतात बनवलेलं पहिलं इंजिन 1985 मध्ये फ्रान्समध्येच व्हर्नाँच्या तळावर पेटवून पाहिलं आणि ते चाललं. आज विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनतात, आणि हैदराबादच्या एमटारमध्येही.

यात जळतं काय? एका टाकीत यूएच-25, म्हणजे हायड्रॅझिनच्या कुळातल्या दोन द्रवांचं मिश्रण. दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड, ज्याचा काम करणारा भाग म्हणजे ऑक्सिजन. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतून निघणारा तपकिरी, घसा खवखवणारा वायू आठवतो? तो याचाच भाऊ. इस्रोसाठी हा द्रव बनवणारा कारखाना रायगड जिल्ह्यात रसायनीला आहे, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या आवारात. ती कंपनी डबघाईला येऊन 2017 मध्ये तिथले बाकीचे कारखाने बंद करायचं ठरलं, तेव्हाही हा एक कारखाना वगळून इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. दोन्ही द्रव जहाल विषारी आहेत. गुण एवढाच, की ते एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात. काडी नको, ठिणगी नको. म्हणजे आग लावणं हा या इंजिनात प्रश्नच नाही. अवघड आहे ते आगीला पुरेसं खायला घालणं.

ही भूक किती, ते पाहू. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात एक विकास इंजिन असतं. ते सुमारे 42 टन द्रव अडीच मिनिटांत संपवतं. भागाकार करा: सेकंदाला 280 किलो, म्हणजे साधारण 240 लिटर. दोनशे लिटरचं पिंप आणि वर दोन-तीन बादल्या, दर सेकंदाला. तेही नुसतं ओतायचं नाही. ज्वलनकक्षातला दाब असतो 58 बारच्या वर. वातावरणाचा दाब 1 बार धरतात. शिट्टी होते तेव्हा कुकरच्या आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम 1 बार जास्त असतो. कुकरच्या पन्नास-साठ पट दाबाने जी खोली बाहेर ढकलते आहे, तिच्यात आपल्याला पिंपामागून पिंप आत ढकलायचं आहे.

सोपा मार्ग सुचतो तो असा, की टाकीतच 60-70 बार दाबाचा वायू भरावा, द्रव आपोआप जाईल. छोट्या इंजिनांत तसं करतातही. पण पीएसएलव्हीच्या या टप्प्याचा व्यास 2.8 मीटर. एवढ्या रुंद टाकीने 60 बार दाब सोसायचा, तर चांगल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाही पत्रा जवळजवळ 3 सेंटिमीटर जाड लागेल. नुसती टाकीच सात-आठ टनांची होईल. आज इंजिनासकट अख्खा रिकामा टप्पा साडेपाच टनांच्या आसपास भरतो. म्हणून टाकी पातळ ठेवायची, तिच्यात जेमतेम काही बार दाब ठेवायचा, आणि मध्ये पंप बसवायचा.

या पंपाला किती शक्ती लागेल, हा हिशेब अकरावीचा आहे. दाब गुणिले दर सेकंदाचं घनफळ म्हणजे शक्ती. द्रव ज्वलनकक्षात सोडणाऱ्या इंजेक्टरच्या भोकांत आणि नळ्यांत वाया जाणारा दाब धरला तर पंपाने 75 बार तरी द्यायला हवा, म्हणजे 75 लाख पास्कल. त्याला 0.24 घनमीटरने गुणलं की 18 लाख वॅट. कुठलाही पंप थोडं खातोच, तेव्हा अडीच मेगावॅट धरा. रस्त्यावरच्या साध्या तीस-चाळीस मोटारींची इंजिनं मिळून जेवढी शक्ती देतील, तेवढी पंप फिरवणाऱ्या या एका दांड्यावर हवी, आणि तो दांडा मिनिटाला सुमारे 10,000 फेरे घेतो.

इथे एक वळसा घेतो, कारण असले आकडे मांडले की कुणीतरी हमखास शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढतो. 1895 मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर पाऱ्याच्या शक्तीवर विमान उडवलं, अशी कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. तळपदे हौशी आणि जिद्दी गृहस्थ होते, याबद्दल दुमत नाही. पण पारा तापवला की पाऱ्याची वाफ होते, उड्डाण होत नाही. शक्ती कुठून आली याचा हिशेब द्यावाच लागतो. या कथेला आधार म्हणून ज्या तथाकथित प्राचीन विमानविद्येचा दाखला देतात, तिच्यातली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासली आणि ती उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. साल 1974, म्हणजे विकासच्या कराराचंच. एकाच वर्षी या देशात एका टेबलावर विमानांच्या दंतकथा तपासल्या जात होत्या आणि दुसऱ्या टेबलावर खऱ्या इंजिनाचा सौदा होत होता. अभिमान कशाचा बाळगायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

तर अडीच मेगावॅट आणायचे कुठून? बॅटरी एवढी हलकी नसते. उत्तर असं, की इंजिनाच्या पोटात आणखी एक छोटं इंजिन बसवायचं. त्याला गॅस जनरेटर म्हणतात. पंपातून निघालेल्या द्रवांचा अगदी थोडा वाटा या भांड्यात वळवायचा, जाळायचा, निघालेला गरम वायू टर्बाइनच्या पात्यांवर सोडायचा. टर्बाइन फिरली की त्याच दांड्यावरचे पंप फिरतात.

अडचण एकच. हे दोन द्रव भेटले की तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं. टर्बाइनच्या पात्यांना त्याचा पाव भागही जेमतेम सोसतो. पहिल्याच झटक्यात पाती वितळतील. बहुतेक इंजिनांत यावर उपाय करतात तो इंधन मुद्दाम जास्त घालण्याचा. न जळलेलं इंधन आग थंड ठेवतं, पण काजळीही धरतं. वायकिंगच्या मंडळींनी वेगळं केलं. त्यांनी गॅस जनरेटरमध्ये पाणी शिंपडलं.

साधं, शुद्ध पाणी. टप्प्यात त्यासाठी वेगळी टाकी असते. त्याच दांड्यावर इंधनाचा आणि ऑक्सिडायझरचा (म्हणजे ऑक्सिजन पुरवणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा) असे दोन पंप असतात, त्यांच्या सोबतीला तिसरा, पाण्याचा. पाणी आगीत पडतं, वाफ होताना उष्णता शोषून घेतं, आणि वायूचं तापमान टर्बाइनला मानवेल इतकं खाली येतं. वर वाफही टर्बाइन फिरवायला मदत करते. वाफेचे रेणू हलके, म्हणून त्याच तापमानाला जास्त वेगाने धावतात. हे प्रथम कळलं तेव्हा मला खरोखर टाळी वाजवावीशी वाटली होती. आपल्या गावच्या गुऱ्हाळातही काहिलीतला रस उतू जायला लागला की वरून पाण्याचा हबका मारतात. (आता यावरून कुणी "पाण्यावर चालणारं इंजिन" असा मेसेज फिरवू नका. पाणी इथे जळत नाही. ते जळलेलंच आहे, म्हणून तर उपयोगी पडतं.)

या पाण्याचं महत्त्व 22 फेब्रुवारी 1990 ला कळलं, फार महाग पडून. दक्षिण अमेरिकेतल्या कुरूच्या तळावरून आरियान रॉकेट दोन जपानी उपग्रह घेऊन उठलं. खालच्या भागात आठ वायकिंग इंजिनं. उठल्यावर काही सेकंदांतच एकाचा रेटा घसरला. बाकीच्यांनी रॉकेट सावरायचा प्रयत्न केला, पण दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत त्याचे तुकडे झाले. अवशेष गोळा करून चौकशी झाली तेव्हा त्या इंजिनाच्या पाण्याच्या नळीत एक फडकं सापडलं. जोडणी करताना कुणीतरी पुसायला घेतलेलं, आतच राहिलेलं.

आता थोडं किचकट, पण त्याशिवाय मित्राच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. पंप फिरायला वायू हवा, वायू व्हायला पंपाने द्रव द्यायला हवा. मग सुरुवात कुठून? सुरुवात टाकीतल्या त्या काही बार दाबापासून. झडपा उघडल्या की तेवढ्या दाबावर थोडा द्रव गॅस जनरेटरमध्ये पोचतो, पेटतो, टर्बाइन रेंगाळत फिरू लागते. पंप थोडा जास्त द्रव देतो, वायू वाढतो, टर्बाइन जोर धरते. व्याजावर व्याज चढावं तसं. क्षणार्धात इंजिन पूर्ण ताकदीला येतं. पण चक्रवाढ व्याज कुठे थांबायचं ते आपणहून ठरवत नाही. थांबवायला रेग्युलेटर लागतो. ज्वलनकक्षातला दाब ठरलेल्या दाबाशी ताडून पाहायचा, जास्त झाला तर गॅस जनरेटरकडे जाणारा द्रव आवळायचा, कमी झाला तर सैल सोडायचा. शिवाय दोन्ही द्रव योग्य प्रमाणात जातात का तेही राखायचं. हे सगळं विजेच्या मेंदूशिवाय, नुसत्या स्प्रिंग, दट्ट्या आणि दाबांच्या ओढाताणीवर. टर्बाइन फिरवून झालेला वायू बाजूच्या नळीने बाहेर जातो, त्याचा मुख्य रेट्याला फारसा उपयोग नाही, म्हणून त्याच्यासाठी वळवलेला प्रत्येक थेंब तोट्याचा. रेग्युलेटरचा हिशेब बारीक असावा लागतो तो यामुळेही.

हा बारीक हिशेब 10 जुलै 2006 ला चुकला. इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट इन्सॅट-4सी उपग्रह घेऊन श्रीहरिकोट्याहून उठलं. बाजूच्या चार द्रव बूस्टरांत प्रत्येकी एक विकास. उड्डाणानंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात चौथ्याचा रेटा गेला. उरलेल्या तिघांनी सुमारे 50 सेकंद रॉकेट सरळ धरून ठेवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. मग वेग ध्वनीच्या जवळ आला, हवेचा मारा वाढला आणि रॉकेट मोडलं. दोष निघाला तो गॅस जनरेटरकडे द्रव सोडणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. तो हवं त्यापेक्षा जास्त सोडत होता. बनवताना राहिलेली चूक तपासणीतूनही सुटली होती.

त्याउलट 28 मार्च 2001 चा प्रसंग. जीएसएलव्हीचं पहिलंवहिलं उड्डाण. चार द्रव बूस्टर आधी पेटवायचे, सगळे नीट आहेत असं दिसलं तरच मधली घन मोटार पेटवायची, असा क्रम. एकाचा रेटा कमी आहे हे संगणकाने पाहिलं आणि शेवटच्या सेकंदाला चौघांनाही बंद केलं. रॉकेट तिथेच उभं राहिलं. तीन आठवड्यांनी, 18 एप्रिलला, तेच रॉकेट उडालं. फटाका असा विझवता येत नाही.

बंद करणं हे आपण तेव्हाच करून दाखवलं होतं. पुन्हा सुरू करणं वेगळं. वापरलेला टप्पा समुद्रात न टाकता परत आणायचा, तर उतरताना इंजिन पुन्हा पेटवावं लागतं. महेंद्रगिरीची चाचणी त्यासाठीच होती. पहिल्यांदा सुरू करताना सगळं थंड असतं, नळ्या स्वच्छ असतात. 60 सेकंद चालून बंद झालेल्या इंजिनात टर्बाइन तापलेली असते, नळ्यांत दोन्ही द्रवांचे उरलेसुरले थेंब असतात, आणि हे थेंब भेटले की काडीविना पेटणारे. अशा वेळी ते व्याजावरचं व्याज पुन्हा अगदी शून्यापासून, त्याच क्रमाने चढायला हवं. पाणी क्षणभर उशिरा पोचलं तरी आधीच गरम असलेल्या पात्यांवर तीन हजार अंशांचा झोत जाणार.

एवढं ऐकून मित्राने विचारलं, "मग दुसऱ्यांदा सातच सेकंद का? चालवायचं की साठ." मी म्हटलं, सुरू होतंय की नाही ते पहिल्या दोन सेकंदांतच कळतं. उरलेले पाच सेकंद दाब स्थिर राहतो का ते बघायला.