काळोखात गाणारा पक्षी (कवितेतली कल्पना)

लढाई चालू आहे, घरात कोणी गेलंय, किंवा नुसतंच सगळं संपत आल्यासारखं वाटतंय, आणि अशा वेळी कवीच्या कानावर बाहेरून एखाद्या पक्ष्याचं गाणं येतं, या कल्पनेवर जगभरात बऱ्याच कविता झाल्यात. साध्या निसर्गकवितेपेक्षा हा प्रकार वेगळा, कारण इथे आधी काळोख लागतो.

सगळ्यात गाजलेली म्हणजे इंग्रज कवी थॉमस हार्डीची 'द डार्कलिंग थ्रश'. डिसेंबर १९०० मध्ये छापून आली, हार्डी तेव्हा ६० वर्षांचा. कडक हिवाळा, समोरची उजाड जमीन त्याला संपत्या शतकाच्या प्रेतासारखी दिसते आणि तेवढ्यात एक थ्रश, म्हणजे छोटा गाणारा पक्षी, गायला लागतो. तोही काही गोंडस वगैरे नाही हं, म्हातारा, हडकुळा, वाऱ्याने पिसं विस्कटलेला. हार्डी एवढंच म्हणतो की याला कसली तरी आशा ठाऊक असावी, मला मात्र तिचा पत्ता नाही. मला आशा मिळाली असं तो म्हणतच नाही, आणि ही कविता 'पॉझिटिव्ह' म्हणून फॉरवर्ड होते तेव्हा नेमकं हेच गळून जातं.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने तर आशेलाच पक्षी करून थेट मनात बसवलं, तो वादळातही गातो आणि बदल्यात दाणाही मागत नाही. (तिच्या हयातीत ही कविता छापलीच नाही, आली १८९१ मध्ये.)

पहिल्या महायुद्धात सैनिक असलेला इंग्रज कवी आयझॅक रोझेनबर्ग त्याच्या कवितेत रात्री सैनिकांबरोबर छावणीकडे परततोय, वरून काहीतरी पडतंय, मरणही पडू शकलं असतं पण पडतं ते चंडोलांचं गाणं. १ एप्रिल १९१८ ला तो लढाईत मारला गेला.

बहिणाबाईंकडे सुगरण आहे, पण ती पिलांसाठी खोपा विणण्यात गुंतलेली, आशेचं काम तिथे जमिनीखाली निजलेलं बियाणं करतं.

उलट उदाहरण चीनचा कवी तू फू याचं. साल ७५७, राजधानी छांगआन बंडखोरांच्या ताब्यात आणि हा तिथेच अडकलेला. राज्य मोडलं, डोंगरनद्या तशाच आहेत, वसंतात गवतही माजलंय, पण पक्ष्यांच्या आवाजाने याचं काळीज दचकतं. घरच्या पत्राला सोन्याचं मोल आलंय, आणि पांढरे केस खाजवून खाजवून इतके विरळ झालेत की त्यात केसांत खोचायचा काटासुद्धा टिकत नाही.